सामोआच्या किनाऱ्यावर फालेत राहायचंय, तर कुठली घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब, नवरा-बायको, 6 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. मे महिन्यात दहा दिवस सामोआ, म्हणजे पॅसिफिक महासागरातला छोटा बेटांचा देश. घरात शाकाहार. समुद्रावरच्या पारंपरिक फालेत, म्हणजे तिथल्या झोपडीवजा घरात, राहायची खूप हौस आहे पण फोटोत भिंतीच दिसत नाहीत, मग सासूबाईंना झेपेल का, सामान सुरक्षित राहील का, आणि एवढ्या सगळ्या फालेंमधून नेमकी कुठली घ्यायची.

ताई, झेपेल. पण चौघांनी एकाच प्रकारच्या फालेत राहायचा हट्ट धरू नका, आणि झोपडी किती छान दिसते यावरून तर अजिबात ठरवू नका. मी मूळची गुहागरकडची, आता ऑकलंडला असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं आपियाला काढली आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी इथल्या नाहीतर भारतातून आलेल्या मराठी कुटुंबांना घेऊन सामोआला जाते, राहायची ठिकाणं मीच ठरवते. इतक्या वर्षांत ज्यांचा मुक्काम बिघडला त्यांचा झोपडीमुळे कधीच बिघडला नाही. कुणी चुकीच्या महिन्यात चुकीच्या किनाऱ्यावर गेलं, नाहीतर ज्या घरातल्या माणसांकडे उतरलो ती कशी आहेत याची आधी चौकशीच केली नाही. म्हणून मी आधी किनारा बघते, मग ती फाले चालवणारं घर, आणि झोपडी सगळ्यात शेवटी.

पण आधी फाले म्हणजे काय ते नीट सांगते कारण आपल्याकडची माणसं गोव्यातल्या पाळोळे-आगोंदच्या हट्स डोक्यात ठेवून येतात. त्या हट्सना प्लायवूडच्या नाहीतर बांबूच्या भिंती असतात, कुलूप असतं, आत बाथरूम असतं, आणि पावसाळ्याआधी उतरवून ठेवतात. सामोअन भाषेत फाले म्हणजे नुसतं घर. जमिनीपासून उचललेलं जोतं, कडेने लाकडी खांब, वर शाकारलेलं छप्पर, आणि चारी बाजू मोकळ्या. भिंतींच्या जागी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे असतात, त्यांना पोला म्हणतात, ते दोरीने वर ओढून ठेवलेले असतात आणि पाऊस आला की सोडायचे. आपल्या कोकणात मांडवाला लावायला झाप विणतात ना, तीच वीण, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात लावून बघितलं आणि आमच्या आगरातली आजीच आठवली. जुन्या पद्धतीच्या मोठ्या फालेत तर खिळा मारतच नाहीत, नारळाच्या काथ्याची वळलेली दोरी असते, अफा म्हणतात तिला, तिनेच सगळे वासे आवळून बांधतात. गावातली माणसं पिढ्यान् पिढ्या अशाच घरात राहिलीत, अजूनही गावोगावी बैठकीची मोठी फाले उघडीच असते. त्यामुळे भिंती नाहीत ही काही पर्यटकांसाठी केलेली गंमत नाही, तिथल्या उकाड्यात झोपायचा तोच सगळ्यात शहाणा मार्ग आहे.

किनाऱ्यावरच्या भाड्याच्या फाले याच घराची छोटी आवृत्ती. खाली गादी, उशी, चादर, वर मच्छरदाणी, एक दिवा, नशीब असेल तर एक टेबलफॅन, एवढंच. संडास-बाथरूम मागे, सगळ्यांना मिळून, आणि पाणी बहुतेक ठिकाणी गार. नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच धरलेलं असतं, सगळ्यांनी एका मोठ्या फालेत लांब टेबलावर बसून जेवायचं. शेवटच्या काही फेऱ्यांत आम्हाला साध्या उघड्या फालेला माणशी 70 ते 100 तालाच्या आसपास पडलं, एक ताला म्हणजे ढोबळ मानाने 30 रुपये धरा, पण गावागणिक आणि हंगामाप्रमाणे फरक पडतो.

आता यातसुद्धा तीन प्रकार झालेत. एक ही अशी पूर्ण उघडी. दुसरी अर्ध्या भिंतीची, म्हणजे कमरेएवढं लाकूड आणि वर जाळी किंवा काचेच्या पट्ट्या, दाराला कडी. तिसरी म्हणजे नावाला फाले, खरं तर छोटा बंगलाच, आत पलंग, अटॅच्ड बाथरूम, काही ठिकाणी एसी. तुम्हाला वाटेल मधला प्रकार सगळ्यात सोयीचा. मला तोच सगळ्यात कमी आवडतो. भिंती आल्या की वारा अडतो, वर पत्रा असला तर दुपारी आत बसवत नाही, आणि पंखा नसेल तर रात्रीसुद्धा घामाघूम व्हायला होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एक तर पूर्ण उघडी घ्या नाहीतर सरळ पलंग-बाथरूमवाली. अधलंमधलं घ्यायचंच असेल तर दोन समोरासमोरच्या बाजू मोकळ्या आहेत का आणि छप्पर झावळ्यांचं आहे का एवढं तरी विचारा.

सासूबाईंचा प्रश्न मुळात भिंतीचा नाहीये, गुडघ्यांचा आहे. उघड्या फालेत गादी जमिनीवर असते. शिवाय चढायला दोन-तीन उंच पायऱ्या, कठडा नाही, आणि रात्री बाथरूमला जायचं तर वाळूतून टॉर्च घेऊन पन्नास पावलं. त्या रोज जमिनीवर बसून उठत असतील तर प्रश्नच नाही, आमच्याबरोबर 74 वर्षांच्या एक आजी आल्या होत्या त्या उघड्या फालेत अशा रमल्या की शेवटच्या दिवशी हॉटेलवर यायला तयार नव्हत्या. पण गुडघे दुखत असतील तर त्यांना पलंगवाली, अटॅच्ड बाथरूमची फाले घ्या आणि तुम्ही तिघं शेजारच्या उघडीत राहा. बऱ्याच ठिकाणी एकाच आवारात दोन्ही प्रकार मिळतात, आणि लेकीला आजीकडे झोपायचं की समुद्राकडे हे तिलाच ठरवू दे.

आता किनाऱ्याचं बोलते, कारण खरी निवड तिथेच आहे.

सामोआची दोन मोठी बेटं, उपोलू आणि सवाई. राजधानी आपिया आणि विमानतळ उपोलूवर, सवाई आकाराने मोठं पण वस्ती कमी आणि शांत. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ, मे ते ऑक्टोबर कोरडा. कोरड्या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणजे उपोलूचा दक्षिण आणि आग्नेय किनारा तोंडावर वारा घेतो आणि सवाईचा उत्तर किनारा डोंगराच्या आडोशाला राहतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं. सगळ्यात प्रसिद्ध आहे लालोमानू, उपोलूच्या आग्नेय टोकाला, पांढरी वाळू, समोर नुउतेले बेट, पाण्याचा रंग असा की फोटोवर विश्वास बसत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कधीकधी असा वारा सुटतो की रात्रभर पोला फडफडतात, पाणी ढवळलेलं, आणि लहान मुलं वाळू डोळ्यात जाऊन रडकुंडीला येतात. काहींना तोच वारा हवाहवासा वाटतो, कारण डास उडून जातात. तुम्ही मे महिन्यात जाताय, वारा अजून जोरात धरलेला नसतो, म्हणून लालोमानू चालेल, पण पूर्ण मुक्काम तिथेच ठेवू नका.

सवाईच्या उत्तर किनाऱ्यावर मानासे गाव आहे, तिथे ओळीने फाले आहेत, पाणी शांत, लेकीला खेळायला उत्तम. जवळच सालेआउलाचं लाव्हाचं पठार आहे, माताव्हानू ज्वालामुखी 1905 ते 1911 अशी सहा वर्षं धुमसत होता आणि त्याचा लाव्हा गावं गिळत समुद्रापर्यंत गेला, चर्चच्या आत शिरलेला लाव्हा अजून तसाच गोठलेला आहे, तो सासूबाईंनाही बघता येईल, चढउतार नाही. सवाईच्या दक्षिणेला लाटा मोठ्या, तिकडे सर्फिंगवाली पोरं जातात, लहान मूल घेऊन जायची ती जागा नाही. मानोनो म्हणून एक छोटं बेट आहे दोन्हींच्या मध्ये, तिथे गाड्या नाहीत आणि कुत्रीही नाहीत, दोन तासांत पायी फेरी होते, एक रात्र राहायला फार सुंदर, पण होडीतून चढ-उतर करावी लागते हे सासूबाईंच्या बाबतीत लक्षात घ्या.

पोहायचं म्हणाल तर भरती-ओहोटी विचारल्याशिवाय बुकिंग करू नका. किनाऱ्यासमोर प्रवाळाची भिंत असते आणि तिच्या आत उथळ पाणी, ओहोटीला काही गावांत गुडघाभरही राहत नाही, नुसते खडक आणि प्रवाळ उघडे पडतात. लोक फोटो बघून येतात तो भरतीचा असतो. म्हणून विचारायचं असं की ओहोटीला पोहता येतं का, आणि प्रवाळातली खिंड, तिला तिथे आवा म्हणतात, ती किनाऱ्यापासून किती लांब आहे. आत भरलेलं सगळं पाणी त्या खिंडीतून बाहेर ओढलं जातं, वरून पाणी अगदी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. लालोमानूलासुद्धा ही ओढ आहे. लेकीला लाइफ जॅकेट पुण्याहूनच न्या, आणि चौघांनाही रबरी तळव्याचे पाण्यातले बूट, कारण प्रवाळाने कापलेलं तिथल्या दमट हवेत लवकर भरत नाही आणि खडकासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो.

आवारात पोचल्यावर फाले निवडायला मिळते बरं का, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवसांत. मी पोचल्यावर सामान गाडीतच ठेवते आणि आधी एक चक्कर मारते. पहिलं वर बघते. नारळाखाली फाले असेल आणि वर पिकलेले नारळ लटकत असतील तर ती मी घेत नाही, कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही पण शहरातली माणसं सावली बघून नेमकी तीच धरतात. मग आत जाऊन छपराकडे बघते, झावळ्यांतून उजेडाचे ठिपके दिसले की पावसात तिथून पाणी येणार हे नक्की. मग गादी उलटून बघते, ओल आहे का. मच्छरदाणीला भोकं आहेत का. पोला चारी बाजूंनी खाली येतात का, की एका बाजूची दोरीच तुटलेली आहे, काही ठिकाणी हल्ली झापांऐवजी ताडपत्री असते, दिसायला वाईट पण पावसाला चांगली. मग जनरेटर, डुकरांचं कुंपण आणि रस्ता किती लांब ते बघते. एकदा मी नुसत्या फोटोवर समुद्राला लागून म्हणून फाले घेतली होती, समुद्राला लागून होतीच, पण दुसऱ्या बाजूने डांबरी रस्त्यालाही लागून होती, पहाटे साडेचारपासून बस आणि कोंबडे. त्यानंतर मी फोनवर हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे पाठवत नाही.

आणि अजून एक गोष्ट बघते जी बहुतेक लोक विचारत नाहीत. वर जायची वाट कुठे आहे. 29 सप्टेंबर 2009 ला सकाळी सातच्या आधी मोठा भूकंप झाला आणि थोड्याच मिनिटांत त्सुनामी आली, सामोआत 140 हून जास्त माणसं गेली, लालोमानू आणि शेजारचं सालेआपागा या पट्ट्याला सगळ्यात जबर फटका बसला. आज तिथे ज्या फाले आहेत त्या सगळ्या त्यानंतर उभ्या केलेल्या, आणि बरीच कुटुंबं स्वतः राहायला वर डोंगरावर गेलीत. मी घाबरवायला सांगत नाहीये, मी स्वतः त्याच किनाऱ्यावर लेकरांना घेऊन झोपते. पण पोचल्या दिवशी उजेडात वर जाणारी वाट एकदा चालून बघते, आणि सगळ्यांना सांगून ठेवते की जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली की भोंग्याची वाट बघायची नाही, सामान उचलायचं नाही, सरळ वर. सासूबाई बरोबर आहेत तर त्यांची फाले त्या वाटेच्या जवळची घ्या. मागे लगेच उभा कडा आहे आणि चढायची वाट लांब आहे अशी जागा असेल तर मी दुसरी शोधते.

आता घरच्या माणसांबद्दल. सामोआतली 80 टक्क्यांच्या आसपास जमीन परंपरेने कुटुंबांच्या मालकीची आहे, ती विकता येत नाही, आणि तिचा कारभार कुटुंबाचा मताई म्हणजे प्रमुख बघतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक फाले अशाच कुटुंबाच्या जमिनीवर, कुटुंबानेच चालवलेल्या असतात. म्हणजे तुम्ही हॉटेलात उतरत नाही, कुणाच्या तरी अंगणात उतरता. मला याच गोष्टीसाठी फाले आवडते. सामानाचं म्हणाल तर उघड्या फालेत कुलूप नाही, पण घरची माणसं आवारात असतात, पासपोर्ट-पैसे त्यांच्याकडे ठेवायला देता येतात, काही ठिकाणी लोखंडी पेटी मिळते. फोन मात्र रात्री उशाखाली घ्या आणि समुद्रात जाताना गादीवर उघडा टाकून जाऊ नका. अंगणात उतरल्यावर अंगणाच्या रीतीही पाळायच्या. पोहायचे कपडे फक्त पाण्यात आणि वाळूवर, गावात शिरताना लावालावा गुंडाळायची, ती आपल्या लुंगीसारखी असते, तिथेच बाजारात मिळते. बसलेल्या माणसांच्या पुढून जायचं झालं तर जरा वाकून तुलोऊ म्हणायचं. पाय लांब करून कुणाकडे तळवे दाखवून बसायचं नाही, हे सासूबाईंना सांगायचीही गरज पडणार नाही. संध्याकाळी साधारण सहा-सातच्या सुमारास शंख किंवा घंटा वाजते, ती सा म्हणजे प्रार्थनेची वेळ, दहा-पंधरा मिनिटं गावात फिरायचं नाही, जिथे आहात तिथे शांत बसायचं. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा म्हणायचो, मला ती वेळ तिथे फार आपली वाटते.

रविवारी सगळं बंद. बस नाही, दुकानं बंद, काही गावांत पोहायलाही चालत नाही, म्हणून रविवारी प्रवास ठेवू नका. पण रविवारची सकाळ फालेत काढाच. पहाटे घरातले पुरुष उमू लावतात, म्हणजे तापलेल्या दगडांवर अन्न ठेवून वरून पानांनी झाकायचं, सगळ्या गावावर तो धूर पसरतो, मग पांढरे कपडे घालून सगळे चर्चला, तिथलं एकत्र गाणं तुम्हाला फालेत बसून ऐकू येतं, आणि परत आल्यावर मोठं जेवण, तोओनाई म्हणतात त्याला. पाहुण्यांना बोलावतात. नक्की जा.

शाकाहाराची काळजी मी समजू शकते, पण तिथल्या जेवणात आपलं किती काही आहे बघा. अळू. तिथे त्याला तालो म्हणतात, कंद उकडून किंवा भाजून रोजच्या जेवणात, आपण भात खातो तसा. आणि कोवळी अळूची पानं, त्यात नारळाचं घट्ट दूध आणि कांदा घालून पुडी बांधतात आणि उमूत भाजतात, ती पालुसामी. माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येक मराठी बाईने पहिल्या घासाला फदफद्याची आठवण काढली आहे, फक्त चिंच-गूळ नाही. नीरफणस आहे, त्याला उलू म्हणतात, भाजलेला गरम गरम नारळाच्या दुधात बुडवून खायचा. कच्ची केळी, पपई, केळी, नारळ भरपूर, आणि सकाळी तिथलाच भाजलेला, घट्ट, थोडा रवाळ कोको. फक्त एक गोष्ट पक्की विचारा, पालुसामीत कधीकधी डब्यातलं खारवलेलं गोमांस घालतात, पिसुपो म्हणतात. आम्ही मांस खात नाही एवढं सांगून भागत नाही, कारण मग मासे किंवा कोंबडी प्रेमाने पुढे येते. बुकिंग करतानाच मांस, मासे, कोंबडी, डब्यातलं मांस काहीच नाही, अंडं चालतं की नाही, असं एकेक नाव घेऊन लिहा, आणि पोचल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना स्वतः जाऊन हसून परत सांगा. मी बरोबर लोणचं, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि थोडे पोहे नेते, मात्र विमानतळावर खाण्याच्या वस्तू फॉर्मवर लिहून जाहीर करायच्या, बियाणं आणि ताजी फळं-भाज्या नेऊच नका. एकदा सालेआपागाजवळच्या एका घरात स्वयंपाकाच्या मावशींना मी अळूवडी करून दाखवली, डाळीचं पीठ ऑकलंडहून नेलं होतं, त्यांच्याच परसातली पानं. त्यानंतर दर वेळी गेल्यावर आधी पिठाची चौकशी होते.

पाणी नळाचं पिऊ नका, बाटलीचं किंवा उकळलेलं. डास दिवसाही चावतात आणि डेंग्यूच्या साथी येतात, मलेरिया मात्र सामोआत नाही. लेकीला पहाटे आणि संध्याकाळी लांब बाह्यांचं घाला, मच्छरदाणी गादीखाली खोचा, ओडोमॉस पुण्याहूनच न्या. कुत्र्यांबद्दलही सांगून ठेवते, गावातली मोकाट कुत्री अंगावर येतात, अंधारात एकट्याने फिरू नका, दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी बहुतेक वेळा मागे सरतात.

बुकिंगचं काम निवांतपणे करा. बरीच घरं मेलला आठवडाभर उत्तर देत नाहीत, म्हणून तुमच्याकडे लक्ष नाही असं नाही, फेसबुकवर मेसेज करा किंवा सरळ फोन करा, सामोआ भारताच्या साडेसात तास पुढे आहे हे लक्षात ठेवून. तारखेचा घोळ होऊ देऊ नका, 2011 च्या शेवटी सामोआने तारीखरेषेची बाजू बदलली, 30 डिसेंबर हा दिवसच त्या वर्षी तिथे उगवला नाही, पण शेजारचं अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिलं. ते वेगळं आहे, तिकीट काढताना तिथलं पागो पागो दिसलं तर तुम्ही चुकीच्या बेटाचं तिकीट काढताय, तुम्हाला आपिया, म्हणजे फालेओलो विमानतळ हवा. सगळे दिवस आधी बांधून टाकू नका, प्रत्येक गावात पहिल्या दोन रात्री पक्क्या करा, आवडलं तर तिथेच वाढवा. ख्रिसमसच्या आसपास मात्र न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातले सामोअन लोक घरी येतात तेव्हा जागा मिळत नाही, आणि 1 जूनला त्यांचा स्वातंत्र्याचा उत्सव असतो, तुमचा मुक्काम मेच्या शेवटाकडे लांबला तर त्या आठवड्याचं आधी ठरवा. आपिया आणि सालेलोलोगा, म्हणजे सवाईवरचं बोट लागते ते गाव, सोडलं तर एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोख ताला सुट्यांसकट बरोबर ठेवा, समुद्रावर उतरायला, धबधब्याला प्रत्येक गाव थोडी फी घेतं. गाडी भाड्याने घ्यायला घाबरू नका, सप्टेंबर 2009 पासून तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, तिथला तात्पुरता परवाना मात्र काढावा लागतो.

तर तुमच्यासाठी मी असं लावेन. विमान बहुतेक रात्री उतरतं, तेव्हा पहिली रात्र विमानतळाजवळ, पलंगावर. अंधारात फाले शोधत जाऊ नका, लालोमानूला तिथून दोन-अडीच तास लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलिफानुआच्या धक्क्यावरून, तो विमानतळापासून जवळच आहे, बोटीने सवाई, तास-सव्वा तासात सालेलोलोगा, गाडी नेणार असाल तर बोटीची जागा आधी ठरवा आणि लवकर पोचा. मानासेला चार रात्री, त्यातला एक रविवार. मग परत उपोलू, लालोमानूला तीन रात्री. येता-जाता लोतोफागाचं तो सुआ, तो खोल हिरवा पाण्याचा डोह, तुम्ही दोघं आळीपाळीने उतरा कारण खाली जायची शिडी उभी आणि लांब आहे, सासूबाईंनी आणि लेकीने वर बागेत बसलेलं बरं. शेवटच्या दोन रात्री आपियात, कपडे वाळवायला आणि गरम पाण्याने अंघोळ करायला. अशा क्रमाने गेलात की उघड्या फालेची सवय शांत पाण्याच्या किनाऱ्यावर होते, आणि वाऱ्याचं लालोमानू नंतर येतं.

मे कोरडा म्हटला तरी रात्री एखादी सर येतेच. आमच्या पहिल्याच मुक्कामात रात्री दोनला आडवा पाऊस आला, पोला कसे सोडायचे ते आम्ही विचारलंच नव्हतं, अंधारात ओल्या दोरीची गाठ सुटेना, गादीची एक बाजू भिजायला लागली. घरच्या मावशी छत्रीसुद्धा न घेता धावत आल्या, दोन झटक्यांत चारी बाजू खाली, आमचं पोर उचलून गादीच्या कोरड्या बाजूला ठेवलं, आणि हसून निघून गेल्या. त्यामुळे पोचल्यावर चहा-नारळपाणी झालं की उजेड आहे तोवर त्यांच्याकडून पोला वर-खाली करायला शिकून घ्या, दोन्ही हातांनी, तीन-चारदा करून बघा, आणि वाऱ्याच्या बाजूचे दोन रात्री झोपतानाच अर्धे सोडून ठेवा.